पूर्वेकडे नऊ

आई, जग अडकतंय, निषाद म्हणाला,
आणि मी कांदा चिरता चिरता विचारलं, कोणतं?

डंडी शहर, चौथा मजला, डिसेंबर.
पावणेचारलाच टे नदीवर अंधार उतरलेला.
त्याचा बाबा समुद्रात, तेलाच्या फलाटावर, अजून अकरा दिवस.
लॅपटॉप जुना, कुणीतरी वापरून टाकलेला,
खालून इस्त्रीसारखा तापलेला.
पडद्यावर चौकोनी गाय एक पाय उचलते
आणि विचारात पडते.
ती पाय टेकवेपर्यंत माझी फोडणी झाली असती.

मला या खेळातलं काही कळत नाही.
पण दिवसभर मी पडद्यावर हृदयं बघते,
लोकांच्या छातीला गार जेल लावून,
आणि एवढं शिकलेय:
एका वेळी एकच बटण फिरवायचं,
नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आधी पंखा. स्क्रू चहाच्या बशीत.
आत केसांची, लोकरीची, बिस्किटाच्या भुग्याची
एक राखाडी उशी.
दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. घोंगावणं थांबलं.
गाय तशीच.

मग ड्रायव्हर नवा घातला.
झाडांची पानं साधी केली, ढग पुसले, सावल्या काढल्या.
सावल्यांशिवाय त्याचं गाव
मे महिन्यातल्या भर बाराच्या सांगलीसारखं दिसायला लागलं.
नको, सावल्या परत दे.
दिल्या. त्यांचा काही दोष नव्हताच.

मग दिसण्याचं अंतर सोळावरून सहावर आणलं
आणि चारी बाजूंनी पांढरं आत आलं.
इथे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी बसथांब्यावर एक म्हातारी म्हणाली, आज हार येणार,
आणि मी बस येईपर्यंत ठरवत राहिले,
गळ्यातला की सामन्यातली.

कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं त्याचा.
म्हटलं, अंतर कर परत सोळा. चौकात उभा राहा. आता हळू फिर.
पश्चिम, अठ्ठावन्न.
उत्तर, छप्पन्न.
दक्षिण, त्याचा अर्धवट पूल, एक्कावन्न.
पूर्व, नऊ.
परत फिर.
परत नऊ.

पूर्वेला काय आहे?
काही नाही. भिंत आहे.
भिंतीमागे?
तो कान खाजवायला लागला, थेट बाबासारखा.

कुदळीने दोन ठोकळे काढले.

कोंबड्या.
जमीन दिसत नव्हती.
एकमेकींच्या अंगातून आरपार उभ्या,
कुणाची मान कुणाच्या पाठीतून वर आलेली.
कॅलम म्हणाला होता, मारून टाक, पिसं मिळतात.
याने अंडी फेकली, त्यांची पिल्लं झाली, पिल्लांनी अंडी दिली,
मन होईना म्हणून भिंत बांधली.
ऑगस्टपासून.

किती आहेत?
मोजल्या नाहीत.

पण लॅपटॉप मोजत होता.
प्रत्येकीची मान, प्रत्येकीचे पंख,
ही आता डावीकडे वळेल की उजवीकडे,
सगळं त्या एकट्याच्या डोक्याला,
आणि वर आपण विचारायचं, गाय का अडकते.

एका हुकमात सगळ्या नाहीशा करता येतात.
त्याला माहीत होतं. कोणी बोललं नाही.

दाणे हातात धरले की मागे येतात, तो म्हणाला.
लांब नेऊन सोडल्या आणि आपण निघून आलो
की तिथेच थांबतात. मरत नाहीत.
आपण जवळ नसलो की तिथलं काहीच हलत नाही.
मी भात वाढायला उठले. फलाटाचं नाव काढलं नाही.

जेवून पुन्हा बसलो. वर चौकोनी चंद्र,
पुढे दाणे, मागे कोंबड्यांची वेडीवाकडी रांग,
अर्धवट पुलावरून एक नदीत पडली,
तिला घ्यायला सगळे परत.
साडेनऊला आकडा चौदा. दहाला एकोणीस.
माझी सकाळी सातची पाळी, त्याची गणिताची चाचणी.

गाय पाय उचलते, जरा वेळ घेते,
टेकवते.

उरलेल्या उद्या, मी म्हटलं.
त्याने भिंतीचा एक ठोकळा परत बसवला.
दुसरा नाही बसवला,
वारा लागावा म्हणून.